पेटीत न ठेवलेले लाडू

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या ऑफिसात सदानंदइतका पापभीरू माणूस दुसरा नाही. कचरा टाकताना बाटलीचं झाकण चुकीच्या पिशवीत गेलं, तर हा चार मजले उतरून ते उपसून काढणार. मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

सात वर्षं तो उत्तरेच्या होक्काइदो बेटाच्या पार टोकाला, शिरेतोकोच्या रानात डोंगर चढायचं म्हणत होता. २०१८च्या जुलैत आम्ही दोघे एकदाचे निघालो. त्याच्या बायकोनं, जयमालावहिनींनी, देवाला नैवेद्य दाखवून बेसनाचे लाडू बांधून दिले.

वरच्या मुक्कामाच्या जागी एक लोखंडी पेटी असते. खाण्याचं सगळं तिच्यात ठेवायचं, तंबूत कणही नाही, कारण रान अस्वलांचं. सदानंदनं पेटी उघडली. आत कुणाचे तरी सुके मासे होते. नैवेद्याचे लाडू त्यांच्या शेजारी ठेवायला त्याचं मन धजेना. "डबा घट्ट आहे रे, अर्ध्या तासात येऊच," म्हणत त्यानं तो तंबूत सरकवला. मी ते पाहिलं आणि नुसता हसलो.

पाणी भरून परतलो तर तंबू फाटलेला, डबा चेपलेला, लाडू फस्त, आणि झुडपात शिरणारी एक तपकिरी पाठ. शिखर राहिलं बाजूला, आम्ही खाली पळालो.

खाली एक म्हातारे वनरक्षक होते. त्यांनी विचारलं, "तंबूत खाणं होतं का?" माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा येतं आणि मग त्याला गोळी घालावी लागते, हे त्यांनीच आम्हाला जाताना बजावलं होतं. मी हळूच मराठीत म्हटलं, "नाही म्हण. मुकं जनावर वाचेल."

"आणि उद्या तिथे तंबूत कुणाचं पोर झोपलेलं असलं तर?" सदानंद मला म्हणाला. मग त्यांच्याकडे वळून त्यानं सगळं सांगून टाकलं.

पंधरा दिवसांत अस्वलीण पुन्हा मुक्कामावर आली आणि मारली गेली. वनरक्षकांचं तसं पत्र आलं तेव्हा सदानंद ऑफिसच्या जिन्यात बसून रडला. मला फार लाज वाटली. हसलो होतो ना मी.

आता दर जुलैला तो रजा टाकून तिथे जातो. चढत नाही. पायथ्याशी उभा राहून मोडक्यातोडक्या जपानीत येणाऱ्या प्रत्येकाला पेटीचं सांगतो. लोक हसून माना डोलावतात आणि निघू लागतात. तेव्हा तो म्हणतो, "मी एक अस्वलीण मारली आहे."

मग ते थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात.