उंबऱ्याबाहेर मोठी आई

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. घरच्यांना माहीत हाय — पण तोंडानं कधी कुणी काढलं न्हाई. तुमाला सांगते, अन् आधीच बजावते: कीव करायची न्हाई. डोळे पुसायचे असतील तर उठा इथून.

मी हिंगोलीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. फिलिपिन्सचा भाग आला की माझ्या जिभेला धार चढते. बाप उतरला की लेक, लेक उतरला की सून! तिथल्या घटनेत लिहून ठेवलंय, घराणेशाही चालणार न्हाई. पण तसा कायदा करणार कोण? संसदेत तीच घराणी बसलेली. पोरं हसतात. मीही हसते, निलाजरी!

कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव. आधी सासरे सरपंच, मग नवरा. घरात म्हणायचे, आपण जनतेची सेवा करतो. सेवा म्हणे! आमच्याकडं कायदा झालेला होता — तिसरं मूल झालं की पद गेलं. अन् दोन पोरांवर मला पुन्हा दिवस राहिले.

सासरे म्हणाले, "होऊ द्या लेकरू. कागदावर धाकटीचं दाखवू."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिला मूलबाळ नव्हतं.

आता सगळं सासऱ्यांवर ढकलू का? सोपं हाय, ते आता न्हाईत. पण दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं तेव्हा ते बाहेर जीपमध्ये होते. कळा येत होत्या, तरी मी माझ्याच तोंडानं जावेचं नाव सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या नावासकट, बराबर.

पोरगी झाली. दूध मीच पाजलं, निजायची माझ्याच कुशीत. बोलायला लागली तसा तिला नेम शिकवला — घरात आई, उंबऱ्याबाहेर मोठी आई. कधी चुकली न्हाई हो. एवढंसं लेकरू!

म्हणजे — एकदा चुकली. तेच सांगायचंय, कवाची टाळून राहिले.

ती सहा वर्षांची होती. विरोधकांनी तक्रार केली अन् चौकशीला साहेब आले. अंगणात हळद वाळत घातलेली, तिथंच खुर्च्या टाकल्या. ती माझ्या पदराला धरून उभी. आता अंगण घरात धरायचं की बाहेर? हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती म्हणाली, "आई, तहान लागली."

साहेबांनी मान वर केली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

मी तिच्या थोबाडीत मारली. "कितीदा सांगायचं, मी तुझी आई न्हाई! ती बघ तिकडं तुझी आई." अन् तिला जावेकडं लोटलं. ती हळदीवर पडली. रडली न्हाई. उठून जावेपाशी गेली अन् तिला म्हणाली, "आई, पाणी दे."

साहेबांनी लिहून घेतलं. नवऱ्याची खुर्ची वाचली. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा मला आई म्हणली न्हाई. मला काय वाटलं असंल त्या रात्री? खरं सांगू — सुटले, असं वाटलं.

यंदा ती अठराची झाली. मतदार यादीचा अर्ज माझ्यासमोर बसून भरला. आईचं नाव जावेचं, एका दमात. मग कागद माझ्यापुढं धरला.

"बराबर हाय ना, मोठी आई?"

घरात आमी दोघीच होतो. दार लावलेलं होतं.

"बराबर हाय," मी म्हणले.