चांदीचा घास

पवळी गोठ्यात रवंथ करत बसली आहे, डोळे अर्धे मिटून. मध्यंतरी आजारपणात तिने रवंथ करणंच सोडलं होतं. तेव्हा आईने आमच्या म्हाताऱ्या चांदी गाईच्या तोंडातला चघळता घास काढून पवळीच्या घशात सारला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काकू, बरं केलंत. कडब्याची काडी फोडून पचवणारी बुरशी गाईच्या पोटात असते. ती अशीच एका गाईकडून दुसरीकडे जाते."

पुढे चांदी गेली. तिचं दावं अजून खुंटीला आहे. तिची बुरशी मात्र पवळीच्या पोटातल्या अंधारात काड्या फोडत असेल. गेलेल्यांचं असं काय काय आपल्याही आत जागं असतं, कोण जाणे.

आईने पवळीपुढे कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या.

"एकटीला एवढं?" मी विचारलं.

"एकटी कुठंय ती," आई म्हणाली.