आम्ही ऐकतोय, आमोदराव

वारज्यातल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत अपूर्वा वर्तक ऑनलाइन गाणं शिकवायची. सुरुवातीला तिने साधा माईक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात खुपसून पाहिला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, कधी यायचाच नाही. मग तिने ऑडिओ इंटरफेस नावाचा तळहाताएवढा डबा आणला. माईक आणि हेडफोन त्या डब्याला, डबा यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला. तेव्हापासून तिचा श्वाससुद्धा शिष्यांना नीट ऐकू जायला लागला.

नवऱ्याला, आमोदला, हे सगळं खुपायचं. सोसायटीत तो खालच्या आवाजात बोलणारा सज्जन माणूस होता. घराचं दार लागलं की मारायचा. ओठ फुटलेला असला की अपूर्वा कॅमेरा बंद ठेवायची. "नेट स्लो आहे आज," म्हणायची.

त्या दुपारीही कॅमेरा बंदच होता. भीमपलास चालू असताना आमोद अचानक घरी आला.

"जेवायला कोण वाढणार?"

"एवढी बंदिश होऊ दे," ती म्हणाली.

त्याने केस धरून तिला खुर्चीवरून खाली ओढलं. हेडफोन उडून पडले. मग त्याने लॅपटॉपची यूएसबी वायर उपटली.

"बंद झाला तुझा क्लास."

क्लास बंद झाला नव्हता. डबा निघाल्याबरोबर लॅपटॉपने आपोआप स्वतःचा आतला माईक आणि स्पीकर चालू केला होता. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्याने माईकचा स्टँड उचलला आणि लोखंडी बूड तिच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचं तिला आतून कळलं. ती किंचाळली, तशी त्याने माईकची वायर तिच्या गळ्याभोवती गुंडाळून आवळली.

"ओरड. कोण ऐकतंय तुझं?"

"आम्ही ऐकतोय, आमोदराव."

आवाज लॅपटॉपमधून आला होता. सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका कुसुमताई, अपूर्वाच्या सगळ्यात वयस्क शिष्या, बोलत होत्या. "पोलिसांना फोन लावलाय. पत्ता दिलाय. तिला सोडा."

तो चमकून वळला आणि वायर सैल झाली. अपूर्वाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. मग एका हातावर सरपटत ती बाथरूममध्ये गेली आणि कडी घातली. आमोदने लाथा घालून दाराची खालची फळी फोडली. पोलीस आले तेव्हा त्याचा पाय त्या भोकात अडकला होता आणि तो अजून शिव्या देत होता.

गळ्याची सूज उतरायला फार दिवस लागले. वरचा षड्ज लागेना. अपूर्वा कुसुमताईंच्याच घरातली आतली खोली घेऊन राहिली आणि खर्जातलंच शिकवत राहिली. केस कोर्टात उभी राहिली. कुसुमताईंनी साक्ष दिली, बाकीच्या शिष्यांपैकी दोघींनीही दिली.

जामिनावर सुटलेला आमोद एकदा तिथे आला. दार कुसुमताईंनी उघडलं.

"अपूर्वा आहे का?"

"आहे. तुमच्यासाठी नाही."

त्याने दारावर मूठ आपटली. कुसुमताई जागच्या हलल्या नाहीत. आतल्या खोलीतून अपूर्वा बाहेर आली. तिने फोन कानाला लावला आणि त्याच्याकडे बघत, बसलेल्या आवाजात पोलिसांना पत्ता सांगितला.