मोरांच्या पोटातला मका

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. सिन्नर तालुक्यातलं मेलेल्या मोरांचं प्रकरण मात्र तपशिलासकट लक्षात राहिलं.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका बागायतदाराचा फोन आला. "मळ्याच्या बांधावर सात मोर मरून पडलेत, साहेब. शेजारी सुरगाण्याकडचा मजूर राहतो, त्याची झोपडी बघा."

झोपडीच्या कुडाला मोरपिसांची जुडी खोचलेली होती. पंचनामा केला, वनविभागाला कळवलं आणि त्या मजुराला ठाण्यात आणलं. पस्तिशीचा माणूस, टोमॅटो खुडायला बायकोसह आलेला. तिलाही ठाण्यात बसवून ठेवलं.

"पिसं रानात पडल्याली, येचून आनली," एवढंच तो म्हणत राहिला. मी हात उचलला नाही, पण त्याला उभं ठेवलं आणि तेच तेच विचारलं. दोन तासांनी तो म्हणाला, "तुमी म्हनता तर मीच मारलं. बायकोला घरी जाऊ द्या."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी समाधानाने अटक दाखवली.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकीय अधिकारी ठाण्यात आल्या. जप्त केलेली पिसं त्यांनी भिंगाखाली धरली. "उपटलेल्या पिसाच्या बुडाला रक्त, मांस चिकटलेलं असतं. ही स्वच्छ आहेत. आपोआप गळालेली."

"पण मॅडम, त्याने कबूल केलंय."

"ते तुम्ही बघा. सातही मोरांच्या पोटात मक्याचे दाणे आहेत आणि त्यांना औषधाचा वास येतोय. नमुने प्रयोगशाळेत पाठवा. आणि आसपास मका कुणी पेरलाय, ते शोधा."

मका पेरला होता फोन करणाऱ्या बागायतदाराने. त्याच्याकडचं उरलेलं बियाणं पंचांसमोर सील करून पाठवलं. अहवालाला तीन आठवडे लागले. दरम्यान, कबुली आहे म्हणून मी मजुराच्या जामिनाला विरोध केला होता.

अहवाल आला. मोरांच्या पोटातले दाणे आणि ते बियाणं, दोन्हींवर एकच कीटकनाशक होतं. बागायतदारासमोर कागद ठेवला.

"पेरलेलं उकरून खातात, साहेब. म्हणून औषध चोळलं."

"मग त्याचं नाव का घेतलंत?"

"तो बाहेरचा. त्याच्यामागं कोण येणार होतं?"

मजूर सुटला तेव्हा मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि विचारलं, "सुरगाण्याची एसटी किती वाजता हाय?"

पुढे अशा प्रत्येक प्रकरणात मी आधी नमुने पाठवले, संशयिताला नंतर बोलावलं. सहकारी म्हणायचे, अहवालाला फार वेळ लागतो. लागतोच. त्या वेळी मला तेवढा धीर नव्हता, म्हणून ते तीन आठवडे त्या माणसाला तुरुंगात काढावे लागले.