वारलेली नणंद

लग्न ठरताना मला सांगितलं होतं, एक मोठी नणंद होती, ती तापाने वारली. सत्तरच्या सुमारास यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली आणि बागबाजारच्या आमच्या बिऱ्हाडात एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली. साधी सुती साडी, मोकळं कपाळ, गळ्यात बारीक क्रूस.

"मी याची ताई," ती म्हणाली. मराठी स्वच्छ, फक्त बरेच दिवस न बोलल्यासारखं सावकाश.

हे आतून आले आणि खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला कळलं की ती खरं बोलते आहे.

बाकीचं तिनेच सांगितलं, कुठेही कडवटपणा न आणता. नर्सिंग शिकताना तिने एका बंगाली ख्रिस्ती शिक्षकाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला. सासऱ्यांनी नदीवर जाऊन तिच्या नावाने पिंड दिले, आणि तेव्हा शाळेत असलेल्या यांनीही सुतकाची आंघोळ केली. आता ती बराकपूरला राहत होती. आम्ही आल्याचं गणेशोत्सवात कुणा मराठी बाईंनी तिला सांगितलं होतं.

सासरे आदल्याच वर्षी गेले होते. त्यांचं शेवटचं दुखणं तिला ऐकायचं होतं. हे तुटक तुटक सांगत राहिले. त्यांनी आपलं नाव घेतलं का, असं तिने विचारलं. यांनी मान हलवली, नाही.

मग ती म्हणाली, तिच्या धर्मात मेल्यावरही माणूस तोच राहतो. पुन्हा उठेल तो तोच, आणि आपली माणसं त्याला ओळखतील. बाबा त्या उठणाऱ्यांत असतील का, ते धर्मगुरूही नीट सांगत नव्हते. ती मात्र धरून चालली होती की असतील.

"पण त्यांच्या लेखी मी कधीच मेलेय. ते मला ओळख देतील का रे?"

यांना उत्तर सोपं वाटलं असावं. म्हणाले, आपल्यात तसं काही नाही. आत्म्याला नाव नाही, नातं नाही. तो जुनं वस्त्र टाकतो, नवं घेतो.

"लहानपणी मीही ते पाठ केलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "नुसतं वस्त्रच बदलतं ना? मग मी धर्म बदलला तेव्हा तुम्ही पिंड कुणाला दिलेत?"

त्या घरची सून म्हणवून घ्यायची मला लाज वाटली. मी चहा ठेवायला आत गेले आणि उगाचच वेळ काढला.

त्यानंतर ती अधूनमधून यायची. थंडीत सासूबाई आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं, तेव्हा हे बराकपूरला जाऊन तिला सांगून आले, महिनाभर येऊ नकोस. वाक्य पुरं व्हायच्या आतच ती बरं म्हणाली, असं यांनी परत आल्यावर सांगितलं आणि जेवायला नको म्हणाले.

सासूबाई महिनाभर राहिल्या, गंगेवर जाऊन आल्या, शेजारणींशी खुणांनी बोलल्या. लेक तासाभराच्या अंतरावर होती. निघायच्या दिवशी आम्ही त्यांना हावड्याला गाडीत बसवून दिलं. गाडी गेल्यावरही हे फलाटावरून हलेनात.

"आई काल विचारत होती," ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या गावात तुम्हाला आपलं असं कुणी आहे का."

"मग?"

"नाही म्हणालो."