मागून हसणारी माणसं

टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमध्ये मागून हसणारी माणसं कुठे बसलेली असतात, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा काकूने विचारला. दुपारची वेळ होती. पडद्यावर एक सोफा, एक नवरा, एक बायको, एक आगाऊ शेजारी. आणि दर दोन वाक्यांनी कुठूनतरी पन्नास माणसं खो-खो हसायची.

"हासतंय कोण? दिसत तर न्हाई कुणी," काकू म्हणाली.

मी सांगितलं की ते हसू आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं.

"म्हंजी हासायचं काम दुसऱ्यानं करून ठिवलंय? बरंय की. आपल्याला त्रास न्हाई."

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. माहेर येडगावचं, धरणाच्या काठचं. लहानपणी पाण्याच्या पलीकडच्या माणसाला हाक मारून बोलायची तिला सवय. लग्न होऊन आमच्याकडे राजुरीला आली तेव्हा आवाज तेवढा माहेरी ठेवून आली, असं आई म्हणायची. आमच्याकडे आजोबा होते. ते कडक होते असंही नाही. पण सासऱ्यासमोर सुनांनी मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही, हे घरात कुणी कुणाला कधी सांगितलेलं नसूनही सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या खोलीत यायच्या आधी आजोबा ओट्यावर उभे राहून खाकरायचे. आम्ही आलोय, पदर सावरा, असा त्याचा अर्थ. ते खाकरले की काकू उठून आत जायची आणि मी टीव्ही बंद करायचे. आवाज आम्ही आधीच बारीक ठेवलेला असायचा.

काकूला मालिकांपेक्षा जुनी कार्टून आवडायची, ज्यांत कुणी बोलत नाही ती. त्याला हिंदी लागत नाही, इंग्रजी लागत नाही. एकाने दुसऱ्यामागे धावायचं, गवत ओढायच्या दाताळ्यावर पाय द्यायचा, दांडा तोंडावर आपटून घ्यायचा, कागदासारखं सपाट व्हायचं, फडफडत उठायचं आणि पुन्हा धावायचं. ते बघताना काकू पदराचा बोळा तोंडात कोंबायची. तिचे खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज मात्र शून्य. सात वर्षांत घरातल्या पुरुषांनी तिचं हसू एकदाही ऐकलेलं नव्हतं.

मी तेव्हा नववीत, तालुक्यातल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून गप्प असायचे आणि घरी माझं मराठी शाळेतलं वाटेल म्हणून गप्प असायचे. त्यामुळे बघायला खूप वेळ मिळायचा. कार्टून बघताना मला एक गोष्ट खटकायची. इतकं आपटतात, पण 'लागलं का?' असं एकमेकांना कुणीच विचारत नाही. मालिकेत उलट. तिथे कुणाला काही होत नाही आणि सगळे दिवसभर एकमेकांची चौकशी करत बसतात. मग मला वाटलं, ह्या पळणाऱ्यांना उचलून त्या सोफ्यावर नेऊन बसवलं तर?

त्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी मी ते लिहून काढलं. बोका आता म्हातारा झालाय. आयुष्यभर आपटून कमरेला पट्टा बांधलाय. निवृत्त होऊन त्याने घर भाड्याने घेतलंय, आणि घरमालक निघतो उंदीर. सभ्य माणसांसारखं राहायचं दोघांनी ठरवलंय. संध्याकाळी एकत्र चहा. पण उंदीर बिस्किट घेऊन उठला की बोक्याचे पाय आपोआप धावू लागतात, आणि घरात कुठेतरी दाताळं पडलेलं असतंच. मग उंदीर परत येऊन विचारतो, "लागलं का हो?" आणि बोक्याला ह्याचंच रडू येतं, कारण इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नसतं. बोलणं अगदी थोडं होतं, आणि तेही मराठीत.

वही मी मिसच्या टेबलावर ठेवून पळून आले. आमच्या वर्गाच्या मिस पुण्याच्या होत्या. त्यांना आवडलं. पण निवडीच्या पहिल्या ट्रायलला कुणीही हसलं नाही. चार शिक्षक हातात पेन घेऊन बसले होते. बोका झालेला मुलगा पडला, उठला, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"इट्स क्लेव्हर," मिस म्हणाल्या, "पण कुठे हसायचं ते लोकांना कळत नाही गं. आपण असं करू, तू ग्रुप डान्समध्ये ये."

त्या शाळेत सात वर्षांत मी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मान वर न करता म्हणाले, "मिस, मला एक आठवडा द्या. हसू मी आणते."

"कुठून आणणार?"

ते मलाही माहीत नव्हतं. मिस थोड्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी सेकंड ट्रायल. तेव्हाही असंच झालं तर ड्रामा कॅन्सल."

आमच्या मळ्यात तेव्हा टोमॅटोचा तोडा चालू होता. सकाळी तोडलेला माल दुपारी झाडाखाली ओतायचा आणि बायकांनी गोल बसून लहान, मोठा, पिकलेला, कच्चा असा निवडून प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरायचा. काकू त्यांच्यात असायची. आजोबा दुपारी घरीच असायचे, मळ्यात नसायचे, आणि मळ्यातली काकू वेगळीच बाई होती. तिचं हसू बांधाच्या पलीकडे जायचं. रविवारी मी घरातला टेपरेकॉर्डर चार मोठे सेल घालून तिथे नेला. काकांची एक जुनी कॅसेट घेतली, तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड व्हावं म्हणून तिची तुटलेली खाच चिकटपट्टीने बुजवली आणि बटण दाबून म्हणाले, "हसा."

बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

"आता हास म्हनल्यावर हासू येतं व्हय?" एक म्हातारी म्हणाली.

"इंग्लिश साळंत हासायचा बी तास असंल," दुसरी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या, पण ते टेपला पुरण्यासारखं नव्हतं. मी विनोद सांगून पाहिला. मध्येच विसरले. काकू टोमॅटो पुसत म्हणाली, "बाय, ते मांजराचं करून दाव की. सांगून काय व्हतंय."

मी वर्गात उभं राहून कविता म्हणू न शकणारी मुलगी. तिथे बारा बायका होत्या. पण शनिवार सहा दिवसांवर होता. बांधावर दाताळं पडलं होतं. मी ते वाटेत ठेवलं, ओढणी कमरेला गुंडाळून तिचा पट्टा केला, आणि पाठीत वाकून, मिशा असल्यासारखं नाक उडवत चालत आले. पाय दिला. दांडा खरोखरच कपाळावर बसला. पुढे मी ठरवल्याप्रमाणे सपाट पडायचं होतं, ते न ठरवताच झालं. मी कॅरेटवर पडले, कॅरेट कलंडलं, आणि पिकलेला माल माझ्या अंगाखाली चेंदला.

बायका हसल्या. आधी दबून, मग एकदम. त्या सगळ्यांच्या वर काकूचं हसू, चढत जाणारं, मध्ये श्वास घ्यायला थांबणारं आणि पुन्हा वरून सुरू होणारं. हसता हसताच ती धावत आली. "लागलं का गं?" कपाळावर टेंगूळ आलं होतं. मी म्हणाले, "टेप चालू आहे ना बघ."

टेपला पुरेल एवढं हसू होईपर्यंत काकूने मला चार वेळा पाडलं त्या दिवशी.

घरी येताना काकू गंभीर झाली. "ह्यात माझाच आवाज लई हाय. मामंजींच्या कानावर जाईल."

"आजोबा गॅदरिंगला येत नाहीत," मी म्हणाले. "सगळं इंग्रजीत असतं म्हणून. आणि टेपमधलं कुणाचं आहे ते कुणाला कळणार आहे?"

दुसऱ्या ट्रायलला मी बाजूला बसून प्रत्येक पडण्याला टेप लावला. पहिल्या हसण्याला शिक्षकांनी पेनं खाली ठेवली. तिसऱ्या हसण्याला मिस स्वतः हसल्या. नाटक पास झालं.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी आजोबा पांढरा सदरा आणि टोपी घालून ओट्यावर तयार. प्रमुख पाहुणे त्यांच्या भावकीतले होते, म्हणून ह्या वेळी त्यांना खास बोलावणं होतं. मी स्वयंपाकघरात काकूकडे गेले.

"काकू, मी टेप लावत नाही."

"मग हासंल कोण?"

"कुणी नाही."

ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. "तू बारा बायांदेखत त्या मालात पडलीस. आता मागं नाय घ्यायचं. लाव जा. व्हईल ते व्हईल."

शाळेच्या मैदानात मांडव होता. पुढे पाहुणे आणि आजोबांच्या वयाची माणसं खुर्च्यांवर, मागे बायका सतरंजीवर. सकाळचे अकरा वाजले असतील. मी पडद्याआड टेप घेऊन बसले होते. त्याचे सेल सराव करण्यात संपले होते, म्हणून तो बोर्डाला जोडला होता आणि त्याच्यासमोर माइक ठेवला होता.

बोका पहिल्यांदा पडला. मी बटण दाबलं. कर्ण्यातून बायकांचं हसू मांडवभर पसरलं, आणि एका गोष्टीचा विचार करायचाच राहिला होता हे माझ्या लक्षात आलं. आमच्या भागातल्या माणसांना एकमेकांचं हसू पाठ असतं. टीव्हीवरच्या मालिकेतलं हसू कुणाचंच नसतं. हे मात्र ओळखीचं होतं. मागच्या सगळ्या बायका नाटक सोडून माना वळवून सतरंजीवर शोधू लागल्या.

"ही तर आमची म्हातारी!"

"अगं बया, आन् ही कोन? येडगावची न्हाय का?"

पडद्याच्या फटीतून मला काकू दिसली. ताठ बसली होती, पदर डोक्यावर, नजर समोर. पुढच्या रांगेत आजोबा शांत होते. मांडवात तिचं हसू न ओळखणारा माणूस बहुतेक तेवढा एकच होता.

दुसऱ्यांदा बोका धावला आणि वीज गेली. पंखे थांबले, कर्णा बंद. टेपची चाकं अर्ध्यावर उभी राहिली. भारनियमनाची वेळ नव्हती, म्हणून जनरेटरवाला चहाला गेला होता. स्टेजवर बोका एक पाय वर धरून थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. उंदीरही बघू लागला. मिस दुसऱ्या बाजूने हाताने खूण करत होत्या, पडदा टाका.

"पड!" मी ओरडले.

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. सगळ्या मांडवाने ऐकला. बोका घाबरून दाताळ्यावर पडलाच, ठरल्यापेक्षा जोरात, आणि त्याचा कमरेचा पट्टा सुटून उंदराच्या पायात अडकला. दोघंही आडवे.

कुणी हसलं नाही. लोक बहुधा टेपची वाट बघत होते. मी मेलेल्या टेपचं बटण दाबत राहिले. पड म्हणून ओरडता येतं, हसा म्हणून ओरडून उपयोग नाही, हे मी मळ्यात शिकले होते.

आणि मग हसू आलं. तेच, चढत जाणारं, मध्ये श्वासाला थांबणारं.

"लाईट आली काय?" आजोबांनी वर पंख्याकडे बघत विचारलं.

पंखा हलत नव्हता. शेजारच्या खुर्चीवरचे पाहुणे म्हणाले, "लाईट न्हाई, भाऊ. मागं बघा. तुमची धाकली सून हाय."

आजोबा वळले. काकूने त्यांना वळताना पाहिलं. तिच्या हातात पदराचं टोक होतं, बोळा करायला घेतलेलं. ते तिने तोंडाजवळ नेलं, आणि मग खाली मांडीवर ठेवलं आणि पुन्हा हसली. ह्या वेळी तिच्या शेजारची म्हातारी हसली, मग तिच्यामागची, मग सगळी सतरंजी. टोपी नीट करत आजोबा पुन्हा पुढे वळले आणि म्हणाले, "नाटक बघा, नाटक."

पुढचं सगळं नाटक विजेविना झालं. उंदीर जेव्हा बोक्याला विचारतो, "लागलं का हो?" तेव्हा उंदीर झालेल्या मुलाला ते ओरडूनच म्हणावं लागणार होतं, कारण माइक बंद होता. त्याने ओरडून म्हटलं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मिसनी पडदा टाकून झाल्यावर माझा हात धरला आणि पुढच्या वर्षी असंच नाटक दे म्हणाल्या. मी हो म्हणाले, पण टेप लावणार नाही असंही सांगितलं.

घरी जाताना जीपमध्ये काकू खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी चहा तिनेच नेऊन दिला. आजोबांनी चहा घेतला आणि माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, "ते मागचं टेंगूळ नाटकाचंच व्हय?"

मी म्हणाले, हो.

"उतरलं का?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी आणि काकू कार्टून लावून बसलो. आवाज सवयीने बारीकच होता. ओट्यावर आजोबा खाकरले. मी रिमोट उचलला. काकूने माझ्या हातावर हात ठेवला. उठली नाही, पदर तेवढा सावरला. आम्ही दाराकडे बघत राहिलो. मग त्यांच्या वहाणांचा आवाज आला, ओटा उतरून गोठ्याकडे जाणारा.

काकूने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि कुठलं बटण ते विचारलं. मी दाखवलं. तिने आवाज दोन घरं वाढवला.