कोऱ्या काचेला नॉर्मल म्हणायचं नसतं

"मॅडम, ते अनसॅटिस्फॅक्टरी का काय लिहून ठेवलंय, ते काढून टाका. नॉर्मल लिहा आन् मोकळ्या व्हा."

फोनवर गंगाधरराव होते, नांदेडच्या एका ट्रस्टचे व्यवस्थापक. ट्रस्टने देवणीजवळच्या एका गावात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर घेतलं होतं. नमुने घेणारी डॉक्टर त्यांची, रिपोर्ट माझा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लातुरात माझी लॅब आहे.

"नॉर्मल आहे की नाही ते मला दिसलंच नाही," मी म्हटलं.

"न्हाई दिसलं म्हणजे नॉर्मलच की!"

"अंधाऱ्या खोलीत साप दिसला नाही म्हणून तिथं लेकरू झोपवाल का?"

"तुम्ही लगेच तापता बघा. रविवारी कार्यक्रम हाय, पाहुणे यायलेत. सगळ्या महिला निरोगी हायत म्हणून स्टेजवरून सांगायचंय. मोठ्या शहरातल्या लॅबवाले असलं काही लिहीत न्हाईत."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. गावातून वर आलेल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. रिपोर्ट आवडला नाही की लॅब लहान ठरते. मी देवणीच्या बाजारात आईशेजारी बसून भाजी विकली आहे. घासाघीस मलाही येते. पण घासाघीस दराची होते, निदानाची होत नाही.

पॅप स्मीअर ही तपासणी तशी साधी आहे. गर्भाशयाच्या तोंडावरून छोट्या ब्रशने पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायच्या. कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी या पेशी बदलायला लागतात. तेव्हाच सापडलं तर छोट्या उपचारावर भागतं. पण त्यासाठी काचेवर पुरेशा पेशी हव्यात. त्या नसतील तर रिपोर्ट 'अनसॅटिस्फॅक्टरी', म्हणजे तपासणी झालीच नाही असं समजायचं. शिबिराच्या निम्म्याहून जास्त काचा तशाच निघाल्या होत्या. त्या बायकांना नॉर्मल सांगितलं असतं तर त्या वर्षानुवर्षं निर्धास्त राहिल्या असत्या. त्यांच्यातली एखादी आधीच कॅन्सरच्या वाटेवर असेल तर तिचं काय, एवढाच प्रश्न होता.

पहिला संशय नमुना घेण्यावर गेला. काच ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. पंख्याखाली वाळली तर पेशी फुगतात. शिबिरातल्या सिस्टरला मी फोनवर फैलावर घेतलं.

"मॅडम, काच हातातून थेट बाटलीत गेलीय," ती म्हणाली. "ओरडायचं असलं तर ओरडा, पण आधी काच बघा."

परत बघितल्या. फुगलेल्या पेशी नव्हत्या, मुळात पेशीच नव्हत्या. एकाच गावात एवढ्या बायकांच्या काचा कोऱ्या कशा येतील? दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली.

गावातल्या आशा कार्यकर्तीचं नाव संगीता. त्यांनी ओसरीवर बायका जमवल्या. मी विचारलं, "शिबिराच्या दिवशी सकाळी काय काय केलं?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी चंद्रकलाबाई नावाची चाळिशीची शेतकरीण बोलली. "काय करणार? आंघोळ केली. लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आतपस्तोर धुतलं."

"माझ्या सासूनं तुरटीचं पाणी दिलं," दुसरी म्हणाली.

"कशासाठी?"

"आता घ्या! मोठी डॉक्टरीणबाई तपासणार, तिच्यापुढं तसंच जायचं का? आमची काही इज्जत हाय का न्हाई?"

संगीताताई ओशाळल्या. "मीच म्हणलं होतं मॅडम, नीट स्वच्छ होऊन या म्हणून."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात बाई दवाखान्यात जाताना ठेवणीतलं लुगडं काढते. डॉक्टरपुढे अस्वच्छ जाणं म्हणजे घराण्याची नालस्ती. इथे मात्र त्या स्वच्छतेनेच घात केला होता. जे तपासायचं तेच धुऊन गेलं होतं.

मी समजावून सांगितलं. तपासणीआधी दोन दिवस आत पाणी घ्यायचं नाही, औषध ठेवायचं नाही, पाळीत यायचं नाही.

"आन् ते दोन दिवस नवऱ्यालाही लांब ठेवायचं," मी म्हटलं.

"ते सोपं हाय," चंद्रकलाबाई म्हणाली. "त्यो रातभर मोटर चालू करायला रानातच असतोय."

ओसरी हसली. पण तीच पुढे म्हणाली, "मी काही परत येणार न्हाई बघा. मला काही होत न्हाई, दुखत न्हाई. एकदा लाज सोडली, बास झालं."

"काही होत नाही तोवरच ही तपासणी करायची असते, बाई. रक्त जायला लागलं तर तपासणीच्या शिबिराची वाट बघायची नसते, सरळ दवाखाना गाठायचा असतो."

ती पदर खोचून उठली आणि रानाकडे निघाली.

नांदेडला जाऊन गंगाधररावांच्या टेबलासमोर बसले. शिबिर परत घ्या म्हटलं, तर ते म्हणाले, शिबिर एकदाच मंजूर आहे.

"काचा, रंग आणि माझं बघणं माझ्याकडून. डॉक्टर आणि गाडी तुमची."

"निम्म्याच बायका बोलवू."

"निम्म्या कोणत्या? तुम्हीच नावं काढा आणि खाली सही करा."

"सही कामून?"

"उरलेल्यांपैकी कोणाला काही निघालं तर कोणाला विचारायचं ते कळायला नको?"

त्यांनी चहा मागवला. आमच्याकडे चहा आला की सौदा झाला असं समजतात. रविवारचा कार्यक्रम झाला, पण 'निरोगी' हा शब्द त्यांनी भाषणातून गाळला.

काही आठवड्यांनी शिबिर परत झालं. चंद्रकलाबाई आली, संगीताताईंनी हाताला धरून आणली होती. या वेळी काचा भरलेल्या होत्या. बहुतेक नॉर्मल निघाल्या. चंद्रकलाबाईची नव्हती. पेशींची केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी. याला हाय ग्रेड म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीची पायरी.

लातुरात स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासलं, तुकडा काढला, त्यातही तेच निघालं. पुढच्या खेपेला बिघडलेला भाग काढून टाकला. त्याच संध्याकाळी ती घरी गेली.

जाताना तिने विचारलं, "पहिल्या काचेत होतं का हे?"

"पहिल्या काचेत काहीच नव्हतं."

"आन् ट्रस्टचे ते साहेब नॉर्मल लिहा म्हणत होते म्हणं?"

"हाव."

तिने गंगाधररावांना एक शिवी दिली. मी ती इथे लिहीत नाही, पण मला बरं वाटलं.

ट्रस्टची पुढची शिबिरं माझ्याकडे आली नाहीत. दुसऱ्या लॅबकडे गेली. गंगाधरराव अभिमानाने सांगतात की त्या लॅबचा एकही रिपोर्ट अनसॅटिस्फॅक्टरी येत नाही. याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवत नाही.

चांगल्या काचेवरही कधीकधी दोष निसटतो. म्हणून एकदा नॉर्मल आलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा परत तपासावं लागतं. या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणारी एचपीव्ही तपासणी कमी चुकते, पण तिलाही नमुना नीटच लागतो. तपासणी कुठे करायची असं कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगते: त्या लॅबला विचारा, 'आम्हाला दिसलं नाही, परत पाठवा' असं तुम्ही कधी लिहिता का? कधीच नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.